पदरातली गोदावरी

माघ पौर्णिमा, १९५६

आज महामहाची पर्वणी. बारा वर्षांनी साऱ्या नद्या आपल्या कुंभकोणच्या तळ्यात येतात. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना त्यांतली गोदावरीच हवी होती. आपले पूर्वज तिच्या काठचे, पण सासूबाईंनी ती कधी पाहिली नाही. मी न्हाऊन तांब्या भरला, आणिक गर्दीत तो हातातून गेला. तशीच ओलेत्याने घरी आले. नेसत्या लुगड्याचे पाणी चालते का? अजून मनात तेच. तरी पदर त्यांच्या डोक्यावर धरला. म्हटले, "ह्यात गोदावरी कोणती, कसं सांगू?"

"तू पीळ ग. ती ओळखेल मला."

तिन्हीसांजेला त्यांचे केस पुसायला गेले, तर माझा हात धरला.

"राहू दे. अजून वाहते आहे."