उंदराला कुठलं सोवळं?

तीर्थरूप आत्याबाई,

तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली. आज लिहायला बसले, कारण तुमच्या लेकाने अखेर डॉक्टरकडे यायला हो म्हटलं. आणि हे घडवलं कोणी? एका उंदराने!

तुमची नात रेणुका संभाजीनगरला औषधशास्त्र शिकते ना, तिच्या प्रयोगशाळेतला उंदीर. माणसाच्या मनाचे आजार समजावेत म्हणून तिकडे उंदरांचं वागणं पाहतात म्हणे. मी कानांना हात लावले. गणपतीचं वाहन ते! पण सुट्टीत घरी आलेली ती सांगत राहिली, "आई, एक उंदीर सारखं तोंड पुसतो. केस जातात, कातडी सोलवटते, तरी पुसतोच."

माझ्या तोंडून निघालं, "अगं, ही तर आपली आजी!"

रागावू नका. पण आठवा की! हात धुवायचे, तांब्या धुवायचा, मग नळ धुवायचा. एकदा तर गूळ धुतलात! मोरीत सगळा पाक झाला होता. परळीत वीजकेंद्राची राख पडते, सगळ्याच बायका दिवसभर काही ना काही धूत असतात. त्यात तुमचं कोणाला वेगळं वाटणार? उलट शेजारणी पाया पडायच्या. "लई कडक सोवळं हाय बाई तुमच्या सासूचं!" आणि मी मान ताठ करून मिरवायची.

रेणुकालाही मी तेच म्हणाले, सोवळं होतं ते. तर म्हणते कशी, "उंदराला कुठलं सोवळं? त्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही, खरंय. पण पुण्यवान म्हणून त्याला कोणी तसंच सोडून देत नाही!"

मग दोघींनी तुमच्या लेकाकडे पाहिलं. दुकान बंद करून घरी येतात, चहा ओठाला लागायच्या आत उठतात. "कुलूप लागलं का बघून येतो." आम्ही हसायचो.

डॉक्टरचं नाव काढताच भडकले. "उंदरावरून मला येडं ठरवता व्हय? मी काय पिंजऱ्यात हाय?"

"पिंजऱ्यात असता तर चकरा तरी वाचल्या असत्या," मी म्हणाले.

तिकडे उंदीर किती वेळा तोंड पुसतो ते लिहून ठेवतात. दुकानाचा हिशेब लिहिणं तर माझं रोजचंच! आठ दिवस वहीत त्यांच्या चकरा मांडल्या आणि वही पुढ्यात ठेवली. त्यांनी बेरीज तपासली. परत तपासली. तिसऱ्यांदा तपासता तपासता आपणच थांबले. हळूच म्हणाले, "कधी जायाचं?"

आत्याबाई, हसले खरी, पण एक गोष्ट सांगायची राहिलीय. एका थंडीत तुमच्या बोटांतून रक्त येत होतं. तुम्ही म्हणालात, "सुनबाई, मला पुरं म्हण की गं. माझं मला थांबता येईना." आणि मी शहाणी, पाणी कोमट करून आणून दिलं! सासूच्या सोवळ्याला हातभार, केवढं पुण्य! तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि पुन्हा धुवायला लागलात. कावून का ओरडला नाहीत हो माझ्यावर?

सोमवारी अंबाजोगाईला जायचंय. लग्नापासून वैजनाथाचा एक सोमवार मी चुकवला नाही, तुम्हाला ठाऊक आहे. हा चुकवणार. देवाला तसं सांगून आले. डॉक्टरांनी आत बोलावलं की मीही आत जाईन. घरात आधी कोणाला असं होतं का, असं विचारतील म्हणे. तेव्हा तुमचं सगळं सांगेन, आणि त्याला आजारच म्हणेन.

तुमची सून,
सुमन