बाबांनी आणलेले स्पीकर

प्रिय धम्मा,

सप्रेम जय भीम. परवा फोनवर तू इतका तडकलास की मला पुढे बोलताच आलं नाही. एका मोटारीच्या पैशात बाबांनी दोन लाकडी खोके घरी आणले आणि आई, तू नुसती बघत बसलीस, असं तू म्हणालास. तुझ्या ऑफिसातला तो आवाजाचा जाणकार मित्र म्हणतो की एका हद्दीनंतर पैसे आवाजाचे नसतात, लाकडाचे आणि नावाचे असतात. असेलही रे. पण स्पीकर घरात कसे आले आणि आल्यावर काय झालं, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून पुष्कळ वर्षांनी पत्र लिहायला बसले आहे.

तुझे बाबा कोर्टातून रिटायर झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता हा माणूस बागेत जाईल, पेपर वाचेल. त्यांनी माळ्यावरचा जुना डेक काढला आणि जानेफळच्या त्यांच्या गायन पार्टीच्या कॅसेटी लावू लागले. तू लहान असताना पार्टी जवळजवळ बंदच पडली होती, त्यामुळे तुला फारसं आठवणार नाही. प्रेमानंद काका गायचे, कडूबा ढोलकीवर असायचा आणि तुझे बाबा झांज वाजवायचे. जयंतीच्या महिन्यात पार्टीला सवड नसायची. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या मामांनी चौकशी केली, तर गावातून उत्तर आलं होतं, "पोरगा कोर्टात हाये, पण वळख झांजेवाला म्हणूनच हाये." बाबा हे अजून अभिमानाने सांगतात.

तर मागच्या वर्षापासून त्यांची एकच तक्रार सुरू झाली. "पुष्पा, या डब्ब्यातून ढोलकी येते, पण झांज काही येऊन नाही राह्यली." डेक दुरुस्तीला गेला. मग शेजारच्या रवीने कॅसेटींची गाणी पेनड्राइव्हमध्ये भरून दिली. मग नवा, स्वस्तातला स्पीकर आला. तरी तेच. बाबा म्हणायचे, हलक्या स्पीकरात बारीक आवाज मरतात, त्याला चांगली चीज पाहिजे. ते मोबाइलवर वाचत बसायचे, मला वाचून दाखवायचे. शेवटी एक दिवस कुणाला न सांगता संभाजीनगरला गेले आणि भाड्याच्या गाडीत हे दोन स्पीकर घेऊन आले. अंगात ताजा इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर नव्या नवरदेवाचं हसू. मी किंमत ऐकली आणि पाटावर बसले. पण त्या चेहऱ्याला काय बोलणार रे?

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. जानेफळहून प्रेमानंद काका आले, शेजारचे भगवानराव आणि विमलबाई आले. मी पोहे केले. पार्टीचीच एक जुनी कॅसेट लागली, कुठल्याशा जयंतीच्या कार्यक्रमात भरलेली. धम्मा, मी तुला खरं सांगते, मी आयुष्यभर या गाण्यांना कामाच्या मागे वाजणारा आवाज समजत आले. त्या दिवशी माझ्या हातातली बशी तशीच राहिली. प्रेमानंद काका ओळ उचलण्याआधी श्वास घेतात, तो ऐकू आला. मांडवातल्या बायकांची कुजबुज ऐकू आली. विमलबाई म्हणाल्या, "अवो, ढोलकीवर बोट घासते ते बी समजून राह्यलं!" मध्येच प्रेमानंद काका मोठ्याने हसले. "अरे इंद्रभान, हे पाय, इथं चुकला होता तू! एक झांज आगाऊच मारली!" सगळे हसले. तुझे बाबाही हसले. पण आधी त्यांनी आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि मग हसले. मला ते खटकलं, पण चहा उतू जात होता, मी आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते. बाबांनी मला बोलावून खुर्चीत बसवलं, तेच गाणं लावलं आणि म्हणाले, "पुष्पा, झांज वाजली की हात वर कर." मला वाटलं, कालची चूक कुठे झाली ते बघायचं असेल. गाणं सुरू झालं. मी हात वर केला. तो मला खाली आणताच येईना रे, कारण झांज पहिल्या ओळीपासून वाजतच होती. बाबा एकदा माझ्या हाताकडे बघत होते, एकदा स्पीकरकडे. मग उठून त्यांनी स्पीकरला कान लावला, जाळीवर तळवा ठेवला. गाणं संपलं तरी माझा हात वरच होता. त्यांनीच येऊन तो खाली घेतला आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे डब्बे चांगले होते सगळे."

मी इतकी वर्षं दवाखान्यात नर्स होते, पण माझ्या घरातलं मला कळलं नाही, कारण माझा आवाज मुळातच ओपीडीतला. चार खाटा पलीकडच्या पेशंटला हाक मारायची सवय, त्यामुळे माझं बोलणं त्यांना नीट पोचत होतं. आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाबांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं. जाड आवाज येतात, बारीक आणि उंच आवाज दोन्ही कानांतून गेले आहेत, वयाने होतं असं, हळूहळू गेल्यामुळे माणसाला कळत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. कानाला ऐकायचं यंत्र लावून बघितलं तेव्हा बाबा दचकले. कागद चुरगळल्याचा, पंख्याचा, माझ्या बांगड्यांचा, सगळा आवाज एकदम आला. "एवढा कालवा होता काय जगात?" म्हणाले. पण घेऊ म्हटलं तर नकार. रस्त्यात लोक बहिरा म्हणतील. झांजेवाल्याला बहिरा म्हणतील.

घरी आल्यावर ते स्पीकर खोक्यात भरायला लागले. दुकानदार परत घ्यायला तयार होता. मी खोक्यावर बसून राहिले. म्हटलं, परत नाही करायचे. तुमच्यासाठी नको, माझ्यासाठी राहू द्या. मले आत्ता कुठं गाणं ऐकू यायला लागलं, आन तुम्ही उचलून नेता? माझ्या तोंडून हे ऐकून ते स्पीकर पुन्हा जागेवर ठेवायला लागले. आता दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघं बसतो. मी त्यांच्या मनगटावर बोटाने झांज वाजवते, गाण्यात जशी येईल तशी. पहिल्यांदा माझा ठेका फारच चुकायचा, तर ते चिडायचे, "नर्सबाई, इंजेक्शन देऊन राह्यल्या काय?" काल त्यांनी डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताने मांडीवर पुढचा ठेका स्वतः धरला. गाणं संपल्यावर म्हणाले, "चाल त्या डॉक्टरकडे." यंत्राची ऑर्डर देऊन आलो. तेव्हा तुझ्या मित्राला सांग, हे स्पीकर महाग आहेत, लाकडाचेही पैसे लागले असतील. पण मी समाधानी गिऱ्हाईक आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. गेली दोन वर्षं तू मला विचारतोस की बाबा फोन उचलतात आणि "घे, आईशी बोल" म्हणून लगेच माझ्याकडे का देतात. तू बंगलोरला आपल्या मनाने घर केलंस, पूनमशी परस्पर लग्न ठरवलंस, म्हणून ते अजून रागावले आहेत, असं तू धरून बसलास. मीही तुला नक्की उत्तर देऊ शकले नाही. काल डॉक्टरांकडून येताना बसमध्ये त्यांनी आपणहून सांगितलं. "पुष्पा, फोनवर त्याचा आवाज येते मले. शब्द येत नाहीत. काहीतरी भलतंच उत्तर गेलं तर त्याले वाटंन, बाप ऐकूनच नाही राह्यला. म्हणून तुह्याजवळ देतो." मी म्हटलं, मग हे त्याला सांगा. म्हणाले, मले नाही जमणार, तू लिही. तर लिहिलं. धम्मा, त्यांच्या मनात राग नाही रे, कधी नव्हताच. सुट्टी काढ, पूनमला घेऊन ये. त्यांच्यासमोर बस, उजेडाकडे तोंड करून, सावकाश बोल. दोन वर्षांचं सगळं सांग त्यांना, पहिल्यापासून.

तुझीच,
आई
बुलढाणा