आतली खोली वगळण्याबाबत

प्रति,
मा. भाडेकरू तक्रार निवारण अधिकारी,
घरभाडे कार्यालय, दुसरा मजला.

विषय : राहते घर खरेदीदारांना दाखवताना आतली खोली वगळावी, ही माझी मागणी मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज.
२) आजारपणाचा पुरावा मागणारे आपले पत्र.

महोदय,

१. मी छापखान्यात रात्रपाळी करतो व दिवसा झोपतो. घरमालकांनी आमचे दोन खोल्यांचे घर विकायला काढल्यापासून दलाल न कळवता, वाटेल तेव्हा माणसे घेऊन येतात. घर मालकांचे आहे, त्यांनी ते खुशाल विकावे. पण भाडे भरणाऱ्याला आधी कळवावे, एवढी तरी रीत असावी. मी झोपलेला असताना लोक मला ओलांडून खिडकी बघतात. एका गृहस्थांनी माझ्या उशाशी उभे राहून भिंतीवर टिचक्या मारल्या. एका बाईंनी ओल शोधण्यासाठी आमचे कपाट उघडून कपडे उपसले.

२. आतल्या खोलीत माझे वडील छातीच्या विकाराने अंथरुणाला खिळून होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. उरलेले दिवस त्यांना स्वस्थ पडू द्या, असे सांगितले होते. म्हणून तेवढी एक खोली वगळा, असे मी विनवले. दलाल म्हणाले, "झाकून ठेवलेली खोली कोण घेतं हो? लोकांना वाटेल, आत काहीतरी खोट आहे."

३. वडील खोकले की गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच मागे फिरे. असे दोन-तीनदा झाल्यावर दलाल त्यांच्या अंथरुणाशी जाऊन म्हणाले, "आजोबा, माणसं आली की जरा दाबून धरा. भाडेकरूसकट घेणारं कुणी मिळालं तर तुमचा मुलगा इथंच राहील. नाहीतर मालक घर रिकामं करूनच विकणार." वडील म्हणाले, "बरं साहेब." त्यांनी सारी नोकरी आपल्यासारख्याच एका अधिकाऱ्यांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून केली. आत बैठक चालू असताना शिपायाने खोकायचे नसते. टॉवेलची घडी दातांत धरायची आणि नाकाने हळूहळू श्वास घ्यायचा, ही विद्या त्यांना तिथेच आली.

४. त्यानंतर गिऱ्हाईक असताना आतून आवाज येईनासा झाला. मी बायकोला म्हटले, औषध लागू पडलं. ती म्हणाली, "मग माणसं गेल्यावर एवढी ढास कशी लागते?" मी कूस बदलून झोपलो.

५. गेल्या मंगळवारी एक गृहस्थ बहिणीला घेऊन आले. त्यांना भाड्याचे उत्पन्न हवे होते. आतल्या खोलीत ते बराच वेळ छताकडे बघत बोलत उभे राहिले. वडील डोक्यावरून पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. गृहस्थ म्हणाले, "खोली शांत आहे. माणसंही शांत दिसतात. राहू देत यांना." दलालांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. ते सगळे गेल्यावर मी पांघरूण काढले. टॉवेलची घडी दातांत घट्ट होती. वडील गेले होते.

६. सौदा भाडेकरूसकट ठरला आहे. दलालांनी शब्द पाळला, हे मी नमूद करतो. साहेब, मला आता दिवसाही झोप येत नाही. भाडे वेळेवर भरलेल्या घरात माझ्या बापाला खोकायची चोरी झाली, याचा मला भयंकर संताप येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

सबब, माझी मागणी मी मागे घेत आहे. आतली खोली आता कुणीही, केव्हाही बघावी. मात्र पुढे असा दुसरा कुणाचा अर्ज आला, तर पुरावा मागण्यापूर्वी आपल्या दाराबाहेर स्टुलावर बसलेल्या माणसाला एकदा मोकळेपणाने खोकू द्यावे, ही नम्र विनंती.

आपला,
शांत म्हणून ठेवून घेतलेला भाडेकरू
(सही)
दिनांक : ९ मार्च

सोबत : आपण मागितलेले, वडिलांच्या आजाराचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र. ते मला त्याच मंगळवारी मिळाले.