फुकटच्या कौलांचं घर

२ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. थोर बांधकामांची नोंद कोणी ठेवत नाही. मी ठेवणार. प्लॉट आहे, कर्ज मंजूर आहे, डोकं तर आहेच. आर्किटेक्टबाईंनी अगदीच बाळबोध नकाशा दिलाय: तीन खोल्या, वर साधा पत्रा. पहिली खोली आईची. गुडघ्यांमुळे ती या भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावरून कित्येक महिन्यांत खाली उतरलेली नाही. बायकोने नकाशात तेवढी एकच खोली पाहिली. छपराबद्दल चकार शब्द नाही. दूरदृष्टी घरात एकालाच असते.

९ जानेवारी
मेव्हण्याच्या कंपनीचं जुनं गोदाम पाडतायत. कौलं फुकट! ढीगच्या ढीग! छपराचा खर्च शून्य. बायकोला म्हटलं, तुझा भाऊ हिरा आहे. ती म्हणाली, मग तो स्वतःच्या घरावर का नाही घालत? काहींना सुख बघवत नाही.

११ जानेवारी
ट्रक. हमाल. पुन्हा ट्रक. छपराचा खर्च शून्य अधिक वाहतूक.

१७ जानेवारी
आर्किटेक्टबाई म्हणाल्या, कौलं जड असतात. वासे, तुळया, भिंती, पाया, सगळंच भक्कम करावं लागेल. त्यापेक्षा नकाशातला हलका पत्राच ठेवा, स्वस्तात सुटाल. फुकट कौलं सोडून विकतचा पत्रा! मी हसलो. बराच वेळ हसलो. त्या हसल्या नाहीत.

२८ जानेवारी
हिशेब केला. निम्मी कौलं उरणार. वाया? मुळीच नाही! आंघोळ करताना सुचलं: उतार उभा करायचा. उतार उभा, की छप्पर मोठं, की कौलं जास्त लागणार! तसाच ओला बाहेर धावलो. जोडा मोठा मिळाला म्हणून पाय वाढवणार का, असं बायकोने विचारलं. दुर्लक्ष केलं.

५ फेब्रुवारी
तरीही उरतायत. छपराला आणखी दोन बाजू आणि एक छोटासा मनोरा. कंत्राटदार इतका खूश झाला की चहा त्यानेच मागवला. असं गिऱ्हाईक वर्षानुवर्षांत भेटलं नाही म्हणाला. गुणग्राहक माणूस! दोन उतार मिळतात तिथे पाणी मुरतं, म्हणून प्रत्येक सांध्याला वेगळी पन्हळ लागेल, एवढंच त्याने जाता जाता सांगितलं.

२० फेब्रुवारी
एवढा भार लाकडाला झेपेना, म्हणून लोखंड. लोखंड म्हणून कॉलम जाड. कॉलम जाड म्हणून पाया खोल. सगळं कसं एकातून एक सुचत जातं! बजेटसाठी तिसरी खोली काढली. तिथे आता व्हरांडा. हवा खेळेल.

४ मार्च
दुसऱ्या खोलीतही हवा खेळेल.

११ मार्च
आईच्या खोलीच्या भिंती दुसऱ्या टप्प्यात घ्यायचं ठरवलं. एकदा छप्पर झालं की भिंती काय, केव्हाही उभ्या करता येतात. आईला चित्र दाखवलं. तिने विचारलं, यात मी कुठे? मी मनोऱ्याखाली बोट ठेवलं. ती बोटाकडे बघत राहिली, मग उठून खिडकीशी जाऊन बसली. डोळे पुसत होती. अभिमान वाटला असणार.

१२ मार्च
बायको एकटीच आर्किटेक्टबाईंकडे जाऊन आली. प्लॉट तिच्याही नावावर आहे आणि कर्जावर पहिली सही तिची आहे, हे माझ्या लक्षातून निसटलं होतं. मनोरा रद्द. कौलं रद्द. लोखंडाचा अ‍ॅडव्हान्स बुडाला.

२६ जून, संध्याकाळ
उरलेल्या पैशात एकच खोली झाली. वर पत्रा, एकच उतार. आज आई आणि बायको राहायला गेल्या. तिथे तिसरी कॉट मावत नाही, म्हणून मी तूर्तास तिसऱ्या मजल्यावर. कौलं प्लॉटच्या कोपऱ्यात आहेत. फुकट द्यायला तयार आहे, पण कोणी नेत नाही.

दुपारी बघायला गेलो होतो. पत्रा तापतो, वाजतो, अशी काहीतरी तक्रार ऐकायला मिळेल अशी खात्री होती. आईला विचारलं, छप्पर कसं वाटतंय? ती म्हणाली, वर बघायचं राहूनच गेलं. सकाळपासून ती नुसती दाराबाहेर जाऊन आत येत होती.