तुटलेला दोरा

मंगळवार, उदगीर

आज अप्पांना सांगायचंच असं ठरवून आलो होतो. काल नांदेडला बायकोनं, सुनीतानं, माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा धरला आणि तुटेपर्यंत ओढला. मान सोलून निघाली. लिंग खिशात ठेवलं, मानेला मफलर गुंडाळला आणि तसाच एवढ्या उन्हात बसनं आलो.

अप्पांसमोर मफलर काढला. ते चष्मा नीट करून जवळ आले. वाटलं, आता जखमेचं विचारतील.

"दोरा कसा तुटला?"

"सुनीतानं ओढला. मारती ती मला, अप्पा. लई दिवसांपासून."

आधी हसले. मग माझं तोंड बघून उठले आणि दार लावून घेतलं. "तुझ्या वहिनीच्या कानावर जाऊ देऊ नको. एवढा धिप्पाड गडी तू. बाई मारती म्हणून कुणी सांगतं का?"

मग काय सांगायचं? गाडीवरून पडलो? ऑफिसात तेच सांगत आलोय की. बापालाही तेच सांगायचं?

लिंग गळ्यात नसताना आमच्या लिंगायत घरात घास घेत न्हाईत. म्हणून जेवायच्या आधी अप्पांनी स्वतः नवा दोरा पिळला. बांधताना तो नेमका जखमेवर घासला आणि मी कळवळलो. त्यांचा हात क्षणभर थांबला. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलतील.

त्यांनी गाठ ओढून बघितली. म्हणाले, "पक्का हाय. आता कुणी कितीबी ओढू दे, तुटायचा न्हाई."