पुरळाला भ्यालेला माणूस

मंगळवार, संध्याकाळ

हिपॅटायटिस सीच्या गोळ्यांनी दोन्ही हातांवर पुरळ उठलंय. डॉक्टर म्हणाले, औषधामुळं आहे, मलम लावा, गोळ्या सोडू नका. आज गारगोटीहून मोठ्या जाऊबाई आल्या. पुरळ बघून लांब सरकून बसल्या. "रगात बिघडलंय की तुझं. गोळ्या बंद कर, ह्यो लेप लाव." स्वतः शुगरच्या गोळ्या चुकवून पेढे खाणारी बाई! मी त्यांच्यासमोरच गोळी गिळली.

त्या गेल्यावर हे हळूच म्हणाले, "पुरळ जाईपर्यंत माहेरी जातीस काय?" वीस वर्षांचा संसार, आणि माणूस पुरळाला भ्याला! शी.

"तुम्हीच जावा की गारगोटीला वहिनींकडं," म्हटलं.

खरंच पिशवी भरून गेले. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही.