प्रेमराजचा पेपर

३ फेब्रुवारी

नाव लागलं! पंधरा जणींत माझं नाव! एप्रिलमध्ये निवड सामना, त्यातून जिल्ह्याचा खो-खोचा संघ. भूपेंद्र सरांनी मैदानावर सगळ्यांसमोर यादी वाचली आणि सगळ्यांसमोरच मला झापलं. "अर्शी, खो मिळायच्या आधी उठतेस! दर डावात फाउल! कोणी सांगितलं तुला ऊठ म्हणून?"

मी काय करू? पळणारीला दम लागलेला दिसतो आणि माझे पाय उठतात. सर म्हणाले, पायांना नाही, डोक्याला आवर.

अब्बा दुकानात गादीला टाके घालत होते. ऐकून हसले. "जिल्हा म्हणजे आपलं धुळंच ना? की शिरपूरबिरपूर पण?" म्हटलं, सगळं! अम्मीने लगेच शिरा केला.

६ फेब्रुवारी

कॉलेजची उपक्रम वही भरली. तीन रकाने: सेवा, कला, क्रीडा. शेवटी 'यातून मी काय शिकले'. शिकले डोंबल! दिपमाला मॅडम, ज्या आमचं सेवा योजनेचं बघतात, त्या म्हणतात, "छान छान लिहा गं, गुण त्याचेच आहेत." तिकडे छान छान लिहिलं. खरं इथे.

कलेच्या रकान्यात 'बोलकी पुस्तकं'. देवपुरातल्या अंध मुलांच्या होस्टेलसाठी बारावीचे धडे मोबाइलवर वाचून द्यायचे. मी आवाज बदलून वाचते, मध्येच माझं काहीबाही घालते. पोरं हसतात. फक्त प्रेमराज हसत नाही. "पुस्तकात आहे तेवढंच वाच ना. तुझं कुठलं आणि पुस्तकातलं कुठलं, मला कसं कळणार?"

शहाणाच आहेस, म्हटलं मी.

प्रेमराज शिंदखेड्याकडचा. जन्मापासून दिसत नाही. यंदा बारावी. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, मी अकरावीत, म्हणून मॅडमनी माझं नाव दिलंय, सेवेच्या रकान्यात हेच. तो तोंडाने सांगणार, मी लिहिणार. पास झाला की कॉलेजला प्रवेश आणि होस्टेलची जागा टिकणार. नापास झाला तर पेटी उचलून गावाला. होस्टेल शिकणाऱ्यांनाच ठेवतं.

१२ फेब्रुवारी

पहिला पेपर, मराठीचा. आम्हाला वेगळी खोली. तो, मी आणि एक पर्यवेक्षक बाई. प्रेमराज स्वल्पविरामसुद्धा सांगतो! "स्वल्पविराम… पूर्णविराम… नवीन परिच्छेद." मला फिस्सकन हसू आलं.

"हसू नको. लिही."

तीन तासांत दोनदा पाणी प्यायला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "बरं लिहितेस तू. वेळेत लिहितेस." एवढं कौतुक त्याच्या तोंडून म्हणजे खूपच झालं.

१९ फेब्रुवारी

पहिला रोजा. सर म्हणाले, आज बाजूला बस. मी बसले नाही. दोन डाव खेळले. जीभ टाळ्याला चिकटली. फाउल एकच!

२६ फेब्रुवारी

इतिहास. प्रेमराज एका प्रश्नावर अडला. तीन मुद्दे सांगितले, मग म्हणाला, "बस. पुढचा प्रश्न वाच."

बस काय बस! तोच धडा मी चारदा रेकॉर्ड केला होता. पाठ झालाय मला. राहिलेले दोन मुद्दे जिभेवर होते, म्हणजे बोटांवरच आले. लिहून टाकले. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

त्याने मान तिरकी केली. "काय लिहितेस अजून?"

"अक्षर मोठं आहे माझं."

बाहेर आल्यावर तो चालता चालता थांबला. "मी तीन मुद्दे सांगितले. पेन पाच मुद्द्यांएवढा चालला. मला ऐकू येतं, अर्शी."

मी म्हटलं, तू फार संशयी आहेस.

रोज्यात खोटं बोलले. अल्लाह माफ करो. पण दोन-तीन गुण तर वाढतील! त्याचंच भलं ना?

२ मार्च

त्याने फोन केला. कधीच करत नाही. म्हणाला, राज्यशास्त्राच्या पेपरला मी सांगेन तेच लिहायचं, कबूल कर. मी म्हटलं, हो रे बाबा. "आईची शपथ घे." मी चिडले. शपथबिपथ घेत नाही म्हटलं, आणि ठेवला.

५ मार्च

लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते. इथे नाही लिहिलं तर कुठे?

राज्यशास्त्र. पाचव्या प्रश्नात त्याने चार ओळी सांगितल्या. मी दहा लिहिल्या. यावेळी पेन हळू चालवला, टेकवून, आवाज होऊ नये म्हणून. इतकी अक्कल चालवली मी! पान उलटलं तेवढ्यात दार उघडलं. भरारी पथक. तिघं जण. त्यातल्या चष्मेवाल्या मॅडमनी उत्तरपत्रिका उचलली, वाचली, आणि प्रेमराजला विचारलं, "पाचव्या प्रश्नात काय सांगितलंस तू? परत सांग."

त्याने चार ओळी सांगितल्या. शब्दाला शब्द. पूर्णविरामासकट.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "आणि या बाकीच्या सहा?"

मनात एकच: जिल्ह्याचा संघ, अब्बा, पेपरात छापून येणारं नाव. प्रेमराजचं तोंड माझ्या दिशेला वळलेलं. वाट बघत होता. मी बोलेन म्हणून वाट बघत होता! मी नाही बोलले.

मग तोच बोलला. "मीच तिला म्हटलं होतं. तुला येतं ते लिही म्हणून. ती नको म्हणत होती."

जबाब लिहिला. तोही मलाच लिहायला लावला. त्याने सांगितला, मी लिहिला. खाली त्याने सही केली, वाकडीतिकडी, मोठी. मला म्हणाले, तू जा. पुन्हा असल्या दबावाला बळी पडू नको.

इफ्तारला खजूर तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला.

६ मार्च

पेपरात आलं. 'लेखनिकाकडून उत्तरे लिहून घेतली, परीक्षार्थीवर कारवाई.' नाव नाही कोणाचं. तरी गल्लीतली प्रत्येक बाई माझ्याकडे बघतेय असं वाटतं.

९ मार्च

अब्बांना सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. त्यांनी दाभण गादीत खोचून ठेवला. म्हणाले, "त्या पोराने मिटवलंय ना? मग तू उकरू नको."

"पण अब्बा, त्याचं वर्ष जाईल!"

"आपलं नाव छापून आलं की लोक बातमी नंतर वाचतात, आडनाव आधी वाचतात, बेटा. पिंजाऱ्याच्या पोरीने अंध पोराला फसवलं, असंच म्हणतील. मी इथे दुकान चालवतो."

मला राग आला. रडू पण आलं. आणि मनातून सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच आता शिसारी येतेय.

२१ मार्च

ईद. शिरखुर्मा. नवे कपडे. काहीच वाटलं नाही.

२८ मार्च

होस्टेलला गेले. प्रेमराज भेटला नाही. आतून निरोप आला, झोपलाय. दुपारी चारला कोण झोपतं? पोरं एरवी माझ्याभोवती गोळा होतात. आज कोणीच उठलं नाही.

दिपमाला मॅडमकडे गेले. सांगितलं, बोर्ड प्रेमराजची सुनावणी घेणार आहे, त्यात मला खरं सांगायचंय. त्या दार लावून घेत म्हणाल्या, "वेडी आहेस का? तुझी अकरावी, तुझा खेळ, कॉलेजचं नाव! त्याने कबूल केलंय. विषय संपला."

"पण मॅडम, त्याने केलंच नाही."

"मला काही ऐकायचंच नाहीये, अर्शी."

१५ एप्रिल

सुनावणी २१ तारखेला, नाशिकला. निवड सामनाही २१ लाच.

नशीब मुद्दाम तारखा जुळवतं की काय!

२१ एप्रिल

घरी सांगितलं, सामन्याला जाते. बॅगेत किट, अंगात ट्रॅकसूट, आणि बसले नाशिकच्या एसटीत.

बोर्डाच्या ऑफिसच्या व्हरांड्यात प्रेमराजची आई बसली होती, सुंदरबाई. मांडीवर भाकरीचं फडकं. मला ओळखलं नाही, पण शेजारी जागा केली. "बठ ना आठे." मग विचारलं, कोणाची गं तू? सांगितलं. बाईने माझा हातच धरला.

"तू तं तठेच व्हती ना, पोरी? मना पोऱ्यानी चोरी करी का वं?"

"नाही मावशी. चोरी मी केली."

"मंग तो कबूल काबर करी ऱ्हायना?"

का, ते मलाच त्याला विचारायचं होतं. ती माझा हात सोडेल असं वाटलं. सोडला नाही, हेच जास्त झोंबलं.

मला आत सोडत नव्हते. शिपायाशी भांडले. मग स्वतःच दार ढकललं. समोर तिघं, प्रेमराज उभा. मी धडाधडा सगळं सांगितलं. इतिहासात दोन मुद्दे, राज्यशास्त्रात सहा ओळी, त्याने शपथ मागितली होती, मी घेतली नाही. सांगताना वाटलं, झालं, आता सुटला तो.

मधले साहेब प्रेमराजला म्हणाले, "काय रे? खरं का हे?"

"खोटं आहे साहेब. मला वाचवायला आलीय ती. मीच लिहायला लावलं."

"प्रेमराज!"

"तिचं मन मऊ आहे," तो म्हणाला. माझ्याकडे तोंडसुद्धा केलं नाही.

साहेब मला म्हणाले, मन चांगलं आहे तुझं, बाळ, पण असं खोटं बोलू नये. आणि मला बाहेर काढलं. खरं बोलले तेव्हा खोटी ठरले मी!

तो बाहेर आला तशी मी त्याच्यावर ओरडलेच. का? का केलंस असं? आधी तो आईच्या शेजारी बसला, भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"होस्टेलात माझ्यामागे सात जण आहेत. लेखनिक पोरीवर केस झाली असं छापून आलं तर कोणाचे आईबाप पोर पाठवतील? दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या भूषणला लेखनिकच मिळाला नाही. तीन तास बाकावर बसून कोरा पेपर देऊन आला तो."

"मग तुझं काय?"

"माझं काय! मी पास होत होतो, अर्शी. प्रत्येक उत्तराचे किती पडतील ते मी मोजूनच सांगत होतो. सगळ्या विषयांचे मोजले होते. पासापुरते झाले होते. मला येतं तेवढं मी लिहीत होतो. ते माझं होतं." मग हळू म्हणाला, "तुला वाटलं, याला काय येणार."

मी नाही नाही म्हणाले. पण खरंच, तेच वाटलं होतं मला. चार ओळी सांगून तो थांबला की मला वाटायचं, बिचारा. एवढंच.

२२ एप्रिल

भूपेंद्र सर घरी आले. अर्शी सामन्याला का नाही आली, विचारायला. अब्बांना तेव्हा कळलं.

ओरडले नाहीत. माझ्याशी बोलायचंच बंद केलंय. जेवायला बसले की मी आले तर ताट घेऊन उठतात. संघात माझ्या जागी दुसरी गेली. जाऊ दे.

६ मे

निकाल. प्रेमराजच्या नावापुढे 'संपादणूक रद्द'. परीक्षाच रद्द, सगळ्या विषयांची. म्हणजे मराठीचीही. ते स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं रद्द.

९ मे

उपक्रम वही परत मिळाली. सेवेच्या रकान्यात दहापैकी दहा. मॅडमचा शेरा: 'संवेदनशील विद्यार्थिनी'. वही फाडली. अम्मीने तुकडे गोळा केले, काही विचारलं नाही.

१४ मे

प्रेमराज होस्टेल सोडून गेला. मला कळलं तोवर शिंदखेड्याची गाडी गेली होती. पुन्हा कधी बसणार परीक्षेला, कोणाला माहीत नाही. सुंदरबाई मजुरीला जाते, तिच्या मागे घरात दिवसभर एकटा. फोन लावला, बंद.

मी रेकॉर्ड केलेले सगळे धडे ऐकले. किती आगाऊपणा आहे माझ्या आवाजात. नव्याने वाचायला घेतले. पुस्तकात आहे तेवढंच. एक धडा झाला. कोणासाठी वाचतेय, काय माहीत.

२ जून

होस्टेलच्या सरांचा फोन, अब्बांच्या मोबाइलवर. अब्बांनी काही न बोलता माझ्यापुढे धरला. वना म्हणून एक मुलगा आहे, एफ.वाय.ला. परवा त्याचा पेपर. नऊ ठिकाणी विचारलं, ती बातमी वाचल्यापासून कोणी पोरं पाठवत नाही. विचारलं, माझा नंबर कोणी दिला? सर म्हणाले, "प्रेमराजने. जाताना लिहून घ्यायला लावला. म्हणाला, कोणीच आलं नाही तर हिला सांगा, ही येईल."

मी हो म्हटलं. अब्बा समोरच बसले होते, उठून गेले नाहीत.